मोह पडत होता, वायफाय लागत नव्हतं

होळीची राख थंड होते न होते तोच आमच्या गावाचा वास बदलतो. आधीचे दिवस पळसाचे असतात, पण पळस नुसता बघायचा. त्याला वास नाही. मोहाचं तसं नाही. तो डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. गोड, जड, किंचित आंबूस. बाहेरगावचा पाहुणा असला तर नाक मुरडतो, आणि आम्हाला त्याच वासानं भूक लागते. काल पहाटे अंगणात आले तर वारा जंगलाकडून येत होता आणि त्याच्याबरोबर तो वास आला. पहिला मोह पडला असणार, पहिली फुलं झाडाखाली. आणि गंमत बघा, माझी बोटं ओढणीच्या काठावर आपोआप चालायला लागली. एस, यू, डी, ओ. मग एक मोकळी जागा.

लोकांना मोहाच्या वासानं आजोळ आठवत असेल. मला लिनक्स आठवतं. हसायचं तर हसा, पण त्या एका हंगामात या दोन गोष्टी माझ्यात अशा काही मिसळल्या, की आता एकीला बोलावलं तर दुसरी न सांगता येते.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी. ए. होऊन मी घरी आले होते. आमचं गाव गडचिरोलीच्या पुढं. एसटी जिथं सोडते तिथून जंगलातली वाट धरायची. बाबा मी शाळेत असतानाच गेले. घरात माय आणि मी. माझ्या वयाची पोरं-पोरी तोपर्यंत पांगली होती, कुणी पुण्याला कंपनीत, कुणी तेलंगणात मिरची तोडायला. पुण्याच्या चुलतभावानं मलाही निरोप पाठवून ठेवला होता, ये, इथं लावून देतो. जूनमध्ये जायचं असं जवळपास ठरल्यातच जमा होतं.

मला जायचं नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. शिकलेली मुलगी गावात राहते म्हणाली, की लोक तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. पण मला खरंच जायचं नव्हतं. मला आमच्या अंगणातून दिसणारा तो सागाचा डोंगर हवा होता, बोलायला गोंडी हवी होती, आणि माय हवी होती. आणि नेमकं त्याच वेळी एका संस्थेचं काम कानावर आलं. आमच्याकडच्या बाया मोठ्या दवाखान्यात जातात, त्या गोंडी बोलतात आणि डॉक्टर मराठी. मधे बोलून देणारं माणूस हवं होतं, तेही पडद्यावरून, आपल्या घरी बसून. अट एकच. घरात संगणक आणि चालू इंटरनेट पाहिजे, कारण बोलता बोलता डॉक्टरांचे कागद पडद्याच्या एका बाजूला दिसत राहिले पाहिजेत. मोबाईलवर ते व्हायचं नाही. संस्थेच्या नागपूरच्या मॅडम एक दिवस चाचणी घेणार होत्या आणि तो दिवस पडला मोहाच्या भर हंगामात.

म्हणजे सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. त्या दिवशी माझा संगणक इंटरनेटला लागला तर मी गावात राहणार, नाहीतर जूनमध्ये पुणे. मायला मी इतकंच सांगितलं, की दवाखान्यातल्या बायांचं बोलणं डॉक्टरांना सांगायचं काम आहे, त्यासाठी कम्प्युटरवरून बोलायचं आहे, ते जमलं तर नोकरी. जास्त काही बोलून तिला आस लावायची नव्हती.

लॅपटॉप मामेभावानं दिला होता. तो चंद्रपूरला खाणीत कामाला. त्याच्या पोरांनी वापरून, आपटून, खेळून जे उरलं ते माझ्या वाट्याला आलं. बॅटरी मेलेली, प्लगमधून काढला की जागीच डोळे मिटायचा. आतलं वायफायही गेलेलं. तो घेऊन मी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळ रफीकभाईंच्या दुकानात गेले. कॉलेजात असताना माझा फोन तेच दुरुस्त करायचे.

रफीकभाईंनी तो चालू केला, चहा मागवला, चहा पिऊन झाला तरी पडद्यावर गोल फिरतच होता.

"ताई, याच्यात विंडोज नाई चालत आता," ते म्हणाले. "जान नाई राह्यली. लिनक्स टाकून देऊ काय? हल्कं हाये, अन् फुकट हाये."

"अन् वायफाय?"

त्यांनी काऊंटरखालून एक डबी काढली. करंगळीएवढा अडॅप्टर, त्याला वीतभर अँटेना, संगणकाच्या कडेला खोचायचा. "हे पकडते दुरून. पण खरं सांगतो ताई, याचा ड्रायव्हर लिनक्समंदी कसा टाकतेत ते मले नाई माहीत. माह्याकडे सगळे विंडोजवाले येतेत. तुम्ही शिकल्या-सवरल्या, पाहून घेजा."

पाहून घेजा. हे दोन शब्द पदरात बांधून मी एसटीत बसले. सिंदेवाहीकडून आलेली गाडी, गच्च भरलेली. लॅपटॉप मांडीवर, डबी मुठीत. खिडकीतून नुसती धानाची वाळलेली शेतं, बांधीमागून बांधी, जात होती आणि मला का कोण जाणे फार आनंद झाला होता. ड्रायव्हर म्हणजे काय हेसुद्धा नीट ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मायनं पहिला प्रश्न तोच विचारला. "ड्रायव्हर? याले काऊन पाहिजे ड्रायव्हर?"

एसटीत फोनवर शोधून जेवढं वाचलं होतं, तेवढं मी तिला समजावलं. हे यंत्र एक भाषा बोलतं, ही डबी दुसरी. ड्रायव्हर म्हणजे दोघांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला सांगणारा.

"मंग ते तर तुयंच काम झालं," माय म्हणाली आणि तिनं माझ्या हातातून डबी काढून घेतली.

काढून घेतली ती थेट पेनापाशी नेऊन ठेवली. पेन म्हणजे आमचे देव. ते दिवस पंडुमच्या, म्हणजे आमच्या नव्या फळा-फुलांच्या सणाच्या, आधीचे होते. मोह पडायला लागला तरी गावाचा पंडुम होईस्तोवर आमच्यात नवा मोह तोंडात घालत नाहीत. आधी देवाला, पूर्वजांना, मग आपल्याला. आंब्याचंही तसंच, नव्या धानाचंही तसंच. अडॅप्टरचं तसं असतं हे मात्र मला माहीत नव्हतं.

"माय, ते दुकानातलं हाये."

"नवीन हाये ना? मंग झालं."

तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी कुस्ती. डबी देवापाशी राहिली आणि मी लॅपटॉपशी ओळख करून घेत बसले. आता वाटतं, बरंच झालं. त्या दिवसांत मी ती काळी खिडकी उघडायला शिकले, जिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात, फक्त एक चौकोन लुकलुकत वाट बघतो. तिला टर्मिनल म्हणतात. तिच्यात काही महत्त्वाचं करायचं असलं तर आधी सुडो लिहायचं. म्हणजे मालकीण बोलते आहे, ऐक. मग ते पासवर्ड विचारतं. मी टाईप करायला लागले तर पडद्यावर काहीच उमटेना. ना अक्षर, ना ठिपका. मला वाटलं कीबोर्ड गेला. सगळी बटणं फुंकून, पुसून काढली, एक तर चाकूनं उचकटलं. कितीतरी वेळानं लक्षात आलं की ते न दाखवताच लिहून घेतं. मी एकटीच मोठ्यानं हसले आणि चुलीपाशी बसलेल्या मायनं वळून पाहिलं.

"काय करून राह्यली वं?"

"मालकीण झाली."

पंडुम झाला. ढोल वाजले, गावानं देवाला नवा मोह दिला, आणि दुसऱ्या दिवशी मायनं स्वतःच्या हातानं डबी आणून दिली. मी अडॅप्टर खोचला. पडद्यावर लगेच एक छोटं चित्र उगवलं. मी मायला हाक मारायला वळलेसुद्धा. पण ते वायफायचं चित्र नव्हतं, तबकडीचं, म्हणजे सीडीचं होतं. उघडली तर आत विंडोजसाठीची एक फाईल. ती मी दाबली, दोनदा दाबली, लाडानं दाबली. लिनक्स ढिम्म.

इथून पुढं आमच्या घराची आणि ग्रामपंचायतीची गोष्ट सुरू होते. गावात मोबाईलचं नेट नाहीच, पण पंचायतीच्या इमारतीवर वायफायचा डबा आहे. आमचं घर चौकाच्या पलीकडं, म्हटलं तर समोर, पण मधे समाजमंदिराची भिंत. त्यामुळे फोनला आमच्या घरात काही मिळत नसे. पंचायतीच्या ओसरीवर जाऊन बसलं तरच मिळायचं. आणि ओसरीवर वीज नव्हती, बटण आत, आत कुलूप. म्हणजे घरी वीज आहे, नेट नाही. ओसरीवर नेट आहे, वीज नाही. ड्रायव्हर टाकायला नेट पाहिजे आणि नेट यायला ड्रायव्हर. आधी लगीन की आधी हळद, असा तो सगळा घोळ.

त्यातून वाट काढली ती मोहानं. एरवी ओसरीवर सकाळपासून गर्दी, सगळ्यांचे फोन त्या एका डब्याला चिकटलेले, आणि माझ्या वाट्याला थेंब येत नसे. पण मोहाच्या दिवसांत उजाडायच्या आधी गाव रिकामं होतं. टोपल्या घेऊन सगळे झाडांखाली. ज्याची झाडं त्याची, पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवलेला. बाया एकमेकींना हाका देत जातात, कारण मोह अस्वलालाही आवडतो आणि ते कुणाची वाटणी मानत नाही. त्या वेळी पंचायतीचं वायफाय सगळंच्या सगळं माझं असायचं.

अडचण एवढीच, की मोहही त्याच वेळी पडतो.

"तू जाय तिकडे," माय म्हणाली. "मोह मी येचतो."

"एकटीनं?"

"पहिले एकटीच येचत होतो ना, तू कॉलेजात होती तं."

मग रोजचं असं सुरू झालं. ती जंगलाकडे, मी ओसरीवर. फोनवर वाचायचं, डोक्यात भरायचं, धावत घरी यायचं, करून बघायचं, लाल अक्षरं आली की ती पाठ करत पुन्हा ओसरीवर. तेवढ्यात एखादा कोंबडा माझ्यामागे लागायचा. मी लाल अक्षरं मोठ्यानं म्हणत चौकातून पळते आहे, हे कुणी पाहिलं असतं तर बाहेरचं काही लागलं असंच म्हणाले असते.

त्या ओसरीवर मला किती गोष्टी कळल्या. डबीवर छापलेल्या नावाला अर्थ नाही, आतली चिप कुणाची ते महत्त्वाचं, आणि ती आपला नंबर सांगते. नुसतं lsusb असं लिहायचं, की जोडलेल्या सगळ्या वस्तू आपापला नंबर घेऊन ओळीत उभ्या राहतात. मी त्या नंबरानं शोधलं आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्याच डबीशी झगडताना सापडली. एकानं लिहिलं होतं, आठवडाभर रडत होतो. मला इतकं बरं वाटलं. आणि दुसऱ्या एकानं त्या तबकडीचं रहस्य सांगितलं होतं. हा अडॅप्टर आधी तबकडी होऊन येतो. आपण तिला निरोप दिला, म्हणजे बाहेर काढ असं सांगितलं, तर ती जाते आणि मग तो खरा वायफाय होऊन पुढं येतो. मी घरी जाऊन निरोप दिला. तबकडी गेली. पुन्हा नंबर विचारला, तर नंबर बदललेला! मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

ड्रायव्हर मात्र बांधावा लागतो. त्याचं सामान फोनवर उतरवून घ्यायचं, वायर लावून लॅपटॉपमध्ये टाकायचं. बांधायची अवजारं, रफीकभाईंनी ज्या पेनड्राइव्हमधून लिनक्स टाकून तो मलाच देऊन टाकला होता, त्यातच होती, ही एक बातमी ओसरीवर मिळाली. मग make असा एक शब्द लिहायचा आणि हात बाजूला घ्यायचे. एका सकाळी तो शब्द लिहिला आणि पडद्यावर ओळी पडायला लागल्या. एक, दोन, मग सरसर, मोह पडतो तशा. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यात लाल काही नव्हतं. मी हात मांडीखाली दाबून बसले. ओळी थांबल्या. पुढचा शब्द लिहिला, मग पुढचा. आणि अडॅप्टरच्या पोटात एक हिरवा दिवा लागला.

लागला, विझला, लागला. जिवंत झाला होता तो.

तरी घरात नेट पुरेसं येईना. म्हणून रफीकभाईंकडून आणलेल्या लांब वायरीला अडॅप्टर जोडला, वर प्लास्टिकचा पेला उपडा बांधला आणि सगळं एका लांब बांबूच्या टोकाला. बांबूला आमच्याकडे काय तोटा. तो अंगणात कुंपणाच्या कोपऱ्यात उभा केला, समाजमंदिराच्या भिंतीपेक्षा उंच. आत येऊन पाहते तर पडद्यावर ग्रामपंचायतीचं नाव, आणि त्याच्यापुढं तीन भरलेल्या कमानी.

मी चपला न घालता पळत सुटले. जंगलाची वाट, पायाखाली वाळलेली पानं, उन्हं नुकती आलेली. माय आमच्या मोठ्या झाडाखाली वाकलेली होती. सगळी जमीन फिकट पिवळी. वर कुठंतरी एक फूल सुटलं की खाली येईपर्यंत ऐकू येईल इतकी शांतता.

"माय, लागलं."

ती वाकलेलीच राहिली. "लागलं?"

"लागलं. घरात. मी केलं."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि पुन्हा वेचायला लागली. मला वाटलं, तिला यातलं काय कळणार. मी तिच्या शेजारी बसले आणि दोन्ही हातांनी मोह वेचायला लागले, वेचता वेचता तिला तबकडीची, नंबराची, हिरव्या दिव्याची सगळी कहाणी सांगितली. ती हूं हूं करत होती.

आणि त्याच दिवशी मी ती चूक केली. मोह वेचणाऱ्या घरातली मुलगीच ती करू शकते. आमचा नियम असा, की पडला तो सगळा वेचायचा. उद्यावर ठेवला तर हरणं खातात, गुरं खातात, नाहीतर उन्हानं कोमेजतो. झाडानं दिलं की हात आखडायचा नाही. इतक्या दिवसांनी घरात इंटरनेट पडायला लागलं होतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लिनक्स सांगत होतं, नवीन पुष्कळ काही आलं आहे, घेणार का? समोर यादी आली, लांबच्या लांब. मी त्यातलं काय घ्यावं, काय नको, असा विचारच केला नाही. सगळं घेतलं. दुपार सरली, संध्याकाळ झाली, ते येतच होतं आणि मी भरल्या टोपलीकडे बघावं तशी बघत होते.

दुसऱ्या सकाळी लॅपटॉप चालू केला. हिरवा दिवा नाही. कमानी नाहीत. ग्रामपंचायत नाही. अडॅप्टर पुन्हा मुका. आणि चाचणी होती त्याच्या पुढच्या दिवशी.

मी अंगणात जमिनीवर बसकण मारली. खरंच रडू आलं. पुण्याच्या त्या खोलीचा फोटो भावानं पाठवलेला होता, चार खाटा, एक खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. तो डोळ्यांपुढं आला. मायची जंगलात जायची वेळ झाली होती. ती टोपली घेऊन दारात उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपली खाली ठेवली.

"काय झालं?"

"गेलं सगळं. मी जास्त घेतलं."

"पहिले लावलं ना तूच? मंग आताबी तूच लावशीन. उठ. मी इथी पोळ्या करतो, तू जाय."

त्या सकाळी ती मोह वेचायला गेलीच नाही. भर हंगामातली सकाळ. आमच्या झाडाखालचा मोह हरणांनी खाल्ला असेल. मी ओसरीवर आणि घरी, घरी आणि ओसरीवर.

झालं होतं असं, की त्या भरल्या टोपलीत लिनक्सचा नवा गाभाही आला होता. त्याला कर्नल म्हणतात. माझा ड्रायव्हर जुन्या गाभ्याच्या मापानं शिवलेला. नव्याच्या अंगात तो बसेना. आणि हे सगळं वाचता वाचता एक ओळ अशी आली, की मी ओसरीवरच उडी मारली. लिनक्स नवा गाभा घेतं, पण जुना टाकून देत नाही. सुरू होताना शिफ्टचं बटण दाबून धरलं तर विचारतं, कुठला हवा? अगदी आमच्या घरासारखं. सिंदेवाहीच्या धान केंद्रातून कितीही नवीन बियाणं येऊ दे, माय जुन्याचं एक मडकं माळ्यावर ठेवतेच. मी घरी पळाले, बटण दाबून धरलं, जुना गाभा निवडला. हिरवा दिवा लागला. मग अशी व्यवस्थाही केली, की नवा गाभा आला तर ड्रायव्हर आपोआप त्याच्या मापानं नव्यानं शिवला जाईल. ते आधीच करायला हवं होतं. तिथं लिहिलेलंही होतं, मी घाईत सोडलं होतं. आताही कोपऱ्यात नवीन काही आलं म्हणून निरोप येतो. मी यादी वाचते, चष्मा लावून, गहू निवडावेत तशी.

चाचणीच्या दिवशी सकाळी सगळं ठीक होतं. मी नवा ड्रेस घातला, भिंतीला चादर लावली, लॅपटॉपखाली पाट ठेवला. आणि मॅडमचा चेहरा पडद्यावर यायला आणि वारा सुटायला एकच गाठ पडली. आमच्याकडचा चैतातला वारा, उन्हानं तापलेला, धूळ आणि पानं घेऊन येणारा. कुंपणातला बांबू डोलायला लागला. मॅडम बोलता बोलता थिजल्या, तोंड उघडं, हात वर. मग हलल्या. मग पुन्हा थिजल्या. मी खुर्चीतून अर्धी उठले.

तेवढ्यात त्या हलल्या आणि हलतच राहिल्या. आवाज स्वच्छ. मी खिडकीतून पाहिलं. माय अंगणात बांबू दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. डोक्यावर पदर, पाय रोवलेले.

मी पुन्हा बसले.

मॅडमनी दवाखान्यातून एक म्हातारी बाई जोडली. मी तिला "सेवा जोहार" म्हटलं आणि तिचा चेहराच उघडला. पोट दुखत होतं तिचं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी गोंडीत विचारलं. म्हातारी म्हणाली, आमच्याकडे मोह पडायला लागला तेव्हापासून. डॉक्टरांना हे कसं सांगायचं? मी म्हणाले, दोन-तीन आठवडे झाले असतील सर, पण त्यांचं गाव डोंगराच्या पलीकडचं आहे, तिकडे मोह जरा आधी पडतो, म्हणून तीन धरा. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हातारीनं आणखी काय काय सांगितलं, जे ती कुणाला बोलली नव्हती, कारण कुणी तिच्या भाषेत विचारलंच नव्हतं. मी मधे बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे देत होते, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की मी अगदी बरोबर जागी बसले आहे.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करू या. कनेक्शन चांगलं आहे तुमचं."

पडदा मिटला तशी मी उठले. मग बाहेर आले. ऊन मी म्हणत होतं. माय अजून बांबू धरून उभी. कपाळावरचा घाम नाकापर्यंत आलेला, पण पुसायला हात मोकळा नाही.

"झालं माय. सोड आता."

तिनं बांबू हळूच कुंपणाला टेकवला. "भेटलं काम?"

"भेटलं. सोमवारपासून."

तिनं पदरानं तोंड पुसलं. नीट, सावकाश, दोनदा. "कधी निघाचं हाये मंग?"

"कुठी?"

"जिथी काम हाये तिथी. मोहाचे लाडू करून देतो. चार दिवस तं भेटतेत नं?"

मी घराकडे बोट केलं. "माय, काम इथीच हाये. या घरात. मी कुठीच नाई चालली."

तिला ते पोचायला वेळ लागला. तिनं घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा घराकडे. आणि एकदम खाली बसली, तिथंच, तापलेल्या जमिनीवर, आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मंग पहिलेच काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मले वाटलं, हे चालू झालं का तू गेली."

पेनापाशी डबी ठेवणारी, मोह एकटीनं वेचणारी, भर हंगामातली सकाळ सोडून पोळ्या करत बसलेली, आणि आता तासभर उन्हात बांबू धरून उभी राहिलेली माझी माय. या सगळ्या दिवसांत ती मला निरोप देत होती. मी तिच्या शेजारी मातीत बसले. तिचे हात हातात घेतले, तर तळव्यांवर बांबूच्या पेरांचे वळ उठले होते.